नाजूक माल, आपटू नये

सोमवार, ३ मार्च

आज पुन्हा तीन खोकी परत. तीन! दोन ग्राइंडर, एक ड्रिल. एका ग्राइंडरचं हँडल बुडापासून तडकलेलं. ड्रिलची तर कमालच — बॅटरी सुटून आतल्या आत नाचत होती आणि तिनंच ड्रिलचं तोंड ठोकून ठोकून वाकडं केलं होतं. बाहेरच्यानं मारायची गरजच नाही. घरातलंच घरातल्याला मारतंय.

दादानं मोडका ग्राइंडर उचलून भिंतीवर फेकला. हाताएवढा पोपडा पडला. मग माझ्याकडे वळला. "झोपेत बांधतेस का गं?"

माझ्या हातात कात्री होती. "आणखी एक शब्द बोल, मग बघ," म्हटलं. बघ म्हणजे काय, ते मलाही ठाऊक नव्हतं. वहिनी मध्ये पडली. "भाऊबहीण आहात की बोके?"

सगळा धंदा असाच — गिऱ्हाईक संगणकावर माल मागवतं, दादा आणतो, मी बांधते, वहिनी पत्ता चिकटवते, कुरिअरची गाडी उचलून नेते. गिऱ्हाईक आमचं तोंड बघत नाही. खोकं हेच आमचं तोंड. आणि ते रोज फुटून परत येतंय.

मंगळवार, ४ मार्च

आज मीच राक्षस झाले.

मोडका माल नव्यासारखा बांधला आणि जिन्यावरून एकेक खोकं खाली सोडलं. धाड! वहिनी पदराला हात पुसत धावत आली, तिला वाटलं मीच पडले. "नाही, तुमचं नशीब तेवढं चांगलं नाही," म्हटलं. ती हसली नाही.

पण कळलं ते असं — कागदाचे बोळे घातले की माल दोन धक्क्यांत तळाला जाऊन बसतो, आणि मग प्रत्येक धक्का थेट अंगावर. म्हणून बोळे बंद. बॅटरी काढून तिला वेगळी खोली. पातं उतरवून पुठ्ठ्यांमध्ये आडवं. दांडा आणि बटण यांना फोमचे तुकडे कापून घट्ट बसवायचं. मग ते खोकं दुसऱ्या मोठ्या खोक्यात, मध्ये सगळीकडून फोम. शेवटी कानाशी धरून हलवायचं. आतून ‘हुं’ सुद्धा यायला नको.

शेवटचं खोकं मी तीनदा फेकलं, मग लाथ घातली, मग त्यावर उडी मारली. उघडलं — ड्रिल साळसूद! नुकतंच आंघोळ करून बसल्यासारखं.

फार बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? लाथ घालतानाच जास्त बरं वाटलं.

बुधवार, ५ मार्च

आपट्या आला होता. कुरिअरच्या गाडीवरचा ड्रायव्हर. हे नाव वहिनीनं ठेवलंय आणि ते त्याला इतकं शोभतं की खरं नाव विचारायचं सुचलंच नाही.

मी दारात उभी राहून पाहिलं. गाडीच्या फळीवर चढायचा कंटाळा, म्हणून खालूनच फेकतो. एक खोकं आत, एक आत. एक मोठं खोकं कडेला लागून खाली रस्त्यावर आलं, तर त्यानं ते पायानं सरळ केलं. पायानं! त्यावर लाल अक्षरात मी स्वतः लिहिलेलं — नाजूक माल, आपटू नये.

"अहो, वाचता येतं का?"

"ताई, दिवसाला दीडशे खोकी. वाचत बसलो तर पोचवू कधी? जरा नीट बांधत जा ना."

नीट बांधत जा! हे मला! काल जिन्यावर जीव काढला मी!

दादा आतून आला आणि त्यानं सरळ त्याची कॉलर धरली, त्याला गाडीवर आदळलं. आपट्याचा ओठ फुटला. त्यानं रक्त थुंकलं आणि म्हणाला, "मालक, हात आवरा. मलाही हात आहेत."

दादानं सोडलं. पण कपाळावरची शीर संध्याकाळपर्यंत उडत होती.

रविवार, ९ मार्च

आठवडाभरात एकही परत आलं नाही. दादा "बरंय" म्हणाला. त्याच्या तोंडून ‘बरंय’ निघणं म्हणजे दगडाला पाझर.

सोमवार, १० मार्च

अक्षर वेडंवाकडं येतंय, येऊ दे.

सकाळी दुकान उघडून जेमतेम केर काढला होता. एक धिप्पाड माणूस आत आला. हातात पहार. मला वाटलं गिऱ्हाईक! "काय हवंय?" असं विचारलं मी, मूर्खासारखं.

त्यानं उत्तर म्हणून पहिली मांडणी खाली ओढली. सगळा माल जमिनीवर. मग पहार फिरवायला लागला. काच गेली, वजनकाटा गेला, संगणक गेला. ओरडत होता — "माझ्या भावाची दोन बोटं! दोन बोटं गेली तुमच्या करवतीनं!"

दादा मागून धावला, तर पहारेचं टोक त्याच्या भुवईवर. दादा गुडघ्यांवर. डोळ्यात रक्त, चाचपडतोय. तो पुन्हा पहार उचलणार, एवढ्यात मी जवळचं बांधलेलं खोकं दोन्ही हातांनी उचललं आणि त्याच्या पाठीत घातलं. अख्खा ग्राइंडर होता आत. तो धडपडला, भिंतीला टेकला. आणि मग — रडायला लागला. एवढा मोठा माणूस, पहार पायाशी, हमसून हमसून.

त्याचा भाऊ सुतार. गेल्या आठवड्यात आमच्याकडून गोल करवत मागवली होती. पात्यावर एक झाकण असतं, लाकूड संपलं की आपोआप खाली येतं आणि पातं झाकतं. "ते झाकण फुटकंच आलं," तो म्हणाला. "भावानं स्वतः सांगितलं. फुटक्या झाकणाची करवत पाठवता? हातात मरण पाठवता?"

आवाज ऐकून जमलेल्या माणसांनी त्याला नेलं. वहिनी दादाच्या भुवईवर टॉवेल दाबून बसली. टॉवेल पांढरा होता.

मंगळवार, ११ मार्च

दादाला सात टाके. एक डोळा सुजून बंद.

काचा वेचल्या. दुपारी दादा म्हणाला, "ती करवत तूच बांधली होतीस?"

हो. मीच. झाकणाखाली फोमचा तुकडा कापून बसवला, पातं उतरवून वेगळं ठेवलं, कानाशी धरून हलवलं. मला माझी प्रत्येक गाठ आठवते. फुटणं शक्य नाही. आणि शक्य असेल तर मग दोन बोटं माझी. माझ्या हिशेबात.

"आपट्यानं आपटली," मी म्हणाले. "बुधवारी मोठं खोकं रस्त्यावर पाडलं ना, तेच करवतीचं. मी पाहिलं."

मोठी खोकी बुधवारी आणखीही होती. तेच होतं का? असणार. दुसरं कुठलं असणार?

दादाचा उघडा डोळा बघवत नव्हता.

गुरुवार, १३ मार्च

झालं. जे व्हायचं ते झालं.

दुपारी गाडी फाटकातून दुकानापुढच्या अंगणात आली. आपट्या उतरला, दादाचा चेहरा बघून म्हणाला, "मालक, हे कुणी केलं?" विचारण्यात खवचटपणा नव्हता. आत्ता लिहिताना कळतंय. तेव्हा नाही कळलं. तेव्हा मी फाटक लावत होते. दादानं सांगितलं नव्हतं. मीच लावलं, कडी घातली.

दादाच्या हातात फावड्याचा दांडा. पहिला घाव खांद्यावर. आपट्या फिरला, त्यानं दादाच्या पोटात बुक्की मारली, टाक्यांवर मारली, टाके सुटले. दोघंही खाली. दांडा निसटला, मग दादानं रस्त्यावरचा दगड घ्यावा तसं जवळचं ड्रिल उचललं आणि त्याच्या तोंडावर मारलं. एकदा. दोनदा. मग मी मोजलं नाही.

मी ओरडत होते. ‘सोड’ म्हणून नव्हे. "पायानं ढकलतोस! पायानं ढकलतोस!" असं ओरडत मी स्वतः त्याच्या बरगड्यांत लाथ घातली. खोक्याला घातली होती तशीच. पण खोकं आवाज करतं, माणूस वेगळाच आवाज करतो. तो मऊ असतो.

वहिनी धावत आली आणि दादाच्या पाठीवर पडली, अक्षरशः पडली, तेव्हा तो थांबला. पुठ्ठ्याच्या ढिगावर एक दात होता. मी तो उचलला. का, माहीत नाही. कुठे ठेवायचा कळेना, म्हणून हातातच धरून बसले.

शुक्रवार, १४ मार्च

दादाला नेलं. बेड्या घालून, शेजारपाजारच्या देखत. जाताना मला म्हणाला, "तू आतच होतीस. काही पाहिलं नाहीस. कळलं?" वहिनीनंही पोलिसांना तेच सांगितलं. माझ्याकडे न बघता.

सोमवार, १७ मार्च

दवाखान्यात गेले होते. आपट्याला लांबूनच बघून येणार होते.

जबडा तारांनी बांधलाय. नळीनं पाजतात. डावा डोळा राहील की जाईल, डॉक्टर सांगत नाहीत. त्याची आई बाहेर बाकावर बसलेली, मांडीवर त्याचे बूट. मी कोण ते तिला माहीत नव्हतं. सरकून मला जागा दिली.

"तुमचं कोण आहे आत?" तिनं विचारलं.

मी बुटांकडे बघत राहिले. तीच बोलत राहिली. "गाडीवरचा हेल्पर काढून टाकलाय कंपनीनं. एकट्यानं चढवायचं, एकट्यानं उतरवायचं. पाठीत चमक भरलीय, वाकताच येत नाही त्याला. मी म्हणते सोड, तर म्हणतो, सोडून खायचं काय?"

पाठीत चमक. म्हणून खालून फेकत होता. म्हणून पायानं.

पण तरी! तरी करवत त्यानंच फोडली ना? सुताराची बोटं त्याच्यामुळेच गेली ना? येताना रस्ताभर मी हेच घोकत होते.

बुधवार, १९ मार्च

वहिनी जेवत नाही. मी वाढते, ती ताट सरकवते. "फाटक कुणी लावलं होतं?" एवढंच विचारते. रोज एकदा.

शुक्रवार, २१ मार्च

वकील आला होता. चुणचुणीत माणूस, बोलताना पेन फिरवतो. म्हणतो, "गुन्हा नाकारून उपयोग नाही. पण भडकायला कारण होतं, हे दाखवू. ड्रायव्हरनं माल आपटला, झाकण फुटलं, एक माणूस अपंग झाला, त्याचा राग तुमच्यावर निघाला, घरधन्याचं डोकं फुटलं — कोर्ट ऐकून घेतं. मला त्या फुटक्या झाकणाचा फोटो आणा. चेपलेलं खोकं मिळालं तर सोन्याहून पिवळं."

वहिनी कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलली. "तुम्हीच जा. त्यांच्या पाया पडावं लागलं तर पडा. पण घेऊन या."

उद्या जाते. सुताराचा भाऊ पुन्हा पहार घेऊन उभा राहिला तर राहू दे.

शनिवार, २२ मार्च

भाऊ घरी नव्हता. सुतार एकटाच. हात बँडेजमध्ये, गळ्यात अडकवलेला. मी कोण ते सांगितल्यावर उठून उभा राहिला आणि दाराआडून खोकं काढून दिलं. एक कोपरा तेवढा मळलेला. बाकी कुठे चेप नाही, पोचा नाही. आत फोम जसाच्या तसा. करवत फळीवर होती. तिच्या शेजारी झाकण. अख्खं! साधा ओरखडा नाही. चार स्क्रू वाटीत काढून ठेवलेले.

"मध्ये मध्ये येत होतं, म्हणून मीच काढलं," तो खाली बघत म्हणाला. "माझा दादा नेहमी बजावतो, झाकण काढू नकोस. त्याला कुठल्या तोंडानं सांगणार? फुटकंच आलं म्हणालो. तो तुमच्याकडे जाईल असं वाटलं नव्हतं हो." मग खोक्याकडे बघत — "बांधलं मात्र फार छान होतं, ताई. उघडायलाच अर्धा तास लागला मला."

ते झाकण खोक्यात घातलं. खोकं काखेला मारलं. वकिलाकडे गेले नाही. घरीही नाही.

पोलीस ठाण्यात गेले. टेबलावर ठेवलं. म्हटलं, लिहून घ्या — फाटक मी लावलं होतं.