गाडीची गोधडी

सुरत, ८ डिसेंबर १९९६

चि. आशिष यास आजीचे अनेक आशीर्वाद.

तू हैदराबादला सुखरूप पोचलास, बँकेच्या ट्रेनिंगात गादी मऊ आणि भात कोरडा मिळतो, हे कळले. लिहिणारा हात नेहमीप्रमाणे शेजारच्या रघुनाथ मास्तरांचा आहे, जीभ माझी.

गाडी ठणठणीत आहे. तू भिंतीवर अकरा सूचना चिकटवून गेलास. मास्तरांनी वाचल्या, मी पाठ केल्या. मला बाळंतपणातसुद्धा एवढी पथ्ये कोणी सांगितली नव्हती. उजवीकडच्या खांबाला जुनी गादी सुतळीने बांधली आहे. बिल्डिंगखाली क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना बजावले आहे, की चेंडू गाडीला लागला तर भाजीत चिरून घालीन. बॉनेटवर झोपणाऱ्या मांजरीची मात्र समजूत पटत नाही. तिला बहुतेक गुजरातीच कळते.

राहिली धूळ, आणि पांडेसऱ्याच्या गिरण्यांकडून येणारी काजळी. त्यावर मी युक्ती काढली. मार्केटातून साड्यांच्या तुकड्यांचे गाठोडे आणले आणि गाडीला गोधडी शिवायला घेतली. बाहेरून जुनी चादर, आतून जरीचे काठ. मास्तर म्हणाले, शोभेची बाजू आत कशाला? मी म्हटले, बाहेर ठेवली तर उन्हाने जरीची तार काळी पडेल, आणि लोकांची नजर लागेल ती वेगळीच. तुझे आजोबा तीस वर्षे सायकलने मिलमध्ये गेले. आपल्या घराण्यातली ही पहिली गाडी, तीही अंजिरी रंगाची. तिने भरजरीच पांघरले पाहिजे.

कळावे. लोभ असू दे. गाडीवर आहे त्याहून चार बोटे जास्त असला तरी माझी तक्रार नाही.

तुझी आजी,
सरस्वती

*

सुरत, १६ जानेवारी १९९७

चि. आशिष यास अनेक आशीर्वाद.

अक्षर बदललेले पाहून घाबरू नकोस, मी जिवंत आहे. वरच्या मजल्यावरच्या शोभाबाईंची सून श्वेता लिहिते आहे. मी दोन वाक्ये बोलते तोवर हिचे एक होते, म्हणून थोडक्यात सांगते.

गाडीच्या डाव्या दोन्ही दारांवर ओरखडे आले आहेत. बारीक बारीक, कोंबडीने उकरल्यासारखे. उजवीकडे गादीवाला खांब. डावीकडे काय उभे असते? मास्तरांची स्कूटर. मी त्यांना विचारले. ते म्हणाले, माझी स्कूटर हातभर लांब असते. मी म्हटले, हात कोणाचा, तुमचा की बाळाचा? बोलणे वाढले. रविवारी सोसायटीच्या मीटिंगमध्ये तीस माणसांपुढे मी सगळे मांडले. सेक्रेटरीने स्कूटर गेटबाहेर लावायला सांगितली. मास्तरांनी चष्मा काढून खिशात घातला आणि ते निघून गेले.

उत्तरायणाला पोरे पतंगामागे धावताना गाडीवर चढतील म्हणून मी दिवसभर खुर्ची टाकून खालीच बसले. मान अवघडली, पण गाडीवर कोणी बोट ठेवले नाही.

माझे बरोबरच आहे. फक्त संध्याकाळी सवयीने चहा दोघांचा टाकला जातो आणि एक कप मोरीत जातो.

कळावे. लोभ आहेच, काळजी नसावी.

तुझी आजी

*

हैदराबाद, २३ जानेवारी १९९७

ती. आजीस आशिषचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून रात्री जेवण गेले नाही. परक्या माणसाने ओरखडा काढला असता तर एवढे वाटले नसते. मास्तरांनी मला पाढे शिकवले, गाडी घरी आणली तेव्हा तिच्यावर नारळ फोडला, आणि आता चूक कबूलही करत नाहीत! असला खोटा माणूस आपल्या ओट्यावर बसून माझी पत्रे वाचत होता, याचीच लाज वाटते.

स्कूटर पुन्हा आत येऊ देऊ नकोस. मी १६ फेब्रुवारीला पोचतो आहे. त्यांच्याशी काय बोलायचे ते मी बोलेन. तोवर गोधडी गाडीवरून काढूच नकोस.

मान शेकत जा. तुझा हात सदैव डोक्यावर राहावा.

तुझा,
आशिष

*

सुरत, ६ फेब्रुवारी १९९७

चि. आशिष यास अनेक आशीर्वाद.

अक्षर ओळखलेस ना? मग उभा असशील तर बस.

परवा गोधडीला ऊन द्यावे म्हणून ती स्टुलावर चढून काढली, तर गाडीच्या टपावर तसेच ओरखडे. स्कूटर तीन आठवडे गेटबाहेर. आणि आत असती तरी ती टपावर कशी चढणार? मी वर आले. पिठाचा स्टीलचा डबा पुसला आणि गोधडीची जरीची बाजू त्यावर चार वेळा ओढली. डब्यावर त्याच रेघा. उजवीकडे खांब, म्हणून मी रोज गाडी पुसायला गोधडी डावीकडून ओढून काढत होते. आत धूळ, वर जरीचे काठ. तुझ्या गाडीला कोंबडी नव्हे, आजीच उकरत होती.

तशीच मास्तरांकडे गेले. त्यांच्या पत्नी लीलाबाईंनी पाणी दिले. मी मास्तरांना म्हटले, कागद घ्या, आशिषला लिहायचे आहे. ओरखडे आजीने काढले, मास्तरांवर खोटा आळ घेतला, असे सांगितले तर त्यांचे पेन थांबले. म्हणाले, घरातली गोष्ट आहे, कसे तरी झाले असे लिहू. मी म्हटले, तीस माणसांपुढे ओरडून सांगितलेली चूक कानात कुजबुजून परत घेता येत नाही. मग लिहिले. वाचून दाखवले तर ‘खोटा आळ’च्या आधी ‘अजाणतेपणी’ निघाले. मी तसे बोललेच नव्हते. खोडायला लावले आणि सगळे नव्याने लिहून घेतले.

हे पत्र रविवारी मीटिंगमध्ये श्वेता वाचेल, मग पेटीत पडेल. सेक्रेटरीला आजच सांगून आले. स्कूटर आत आली आहे. उन्हाने तिची सीट तडकली, तिला मी खोळ शिवते आहे. साध्या कापडाची.

श्वेताने वाचून दाखवलेले तुझे तेवीस तारखेचे पत्र मास्तरांनी मागितले नाही आणि मी दाखवले नाही. मला वाचता येत नसेल, लपवता येते. तू आलास की ते तुझ्या हाती देईन. गाडीकडे जाण्याआधी ते एकदा वाच, आणि मग मास्तरांची पायरी चढ.

कळावे. माझ्यावर आणि मास्तरांवर, दोघांवरही लोभ असावा, आणि तो तू दारात उभा राहून त्यांना सांगावास. इतर वेळी माझे नाव मास्तर लिहितात. आज खाली माझा अंगठा आहे.