खडीवरची हजेरी

लातूर, नोव्हेंबर १९८२

प्रिय नागू,

जयभीम, आणि इकडून आम्हा लिंगायतांचा नमस्कार, शरणार्थी. लोह्याची शाळा आणि घर, दोन्ही ठीक चाललंय ना? लातूर जिल्हा झाला हे तू रेडिओवर ऐकलंच असशील. आपलं निलंगाही आता त्यातच. मला नव्या कचेरीत कारकुनाची जागा मिळाली. कचेरी नवी, पण खुर्च्या उसन्या. माझ्या खुर्चीचा एक पाय आखूड आहे, शिंकलं तरी डुलते.

लोक अर्ज घेऊन येतात, मी नावं पुकारते. गेल्या महिन्यात एका म्हाताऱ्याला मी मान वर न करताच म्हटलं, "ए बाबा, उद्या ये." तो हात जोडून निघून गेला. मला माझाच आवाज ओळखीचा वाटला. बहात्तरच्या दुष्काळात आपण दोघी खडी फोडायचो, तिथल्या मुकादमाचा होता तो.

केऱ्या, भामी, अशी त्याची हजेरी. मग तो तापानं आठ दिवस पडला आणि तू सातवी पास, म्हणून हजेरीचं पुस्तक तुझ्या हाती आलं. पहिल्याच सकाळी तू उभी राहून वाचलंस, "केरबा मारुती सूर्यवंशी, या. भामाबाई ग्यानोबा सूर्यवंशी, या." भामाबाई हातोडी ठेवून, पदर सारखा करून उठली. आपलं अख्खं नाव ती पहिल्यांदाच ऐकत होती, असं तिनं मला सांगितलं. केरबा तर दुसऱ्या दिवशी धुतलेला पटका बांधून खडी फोडायला आला. हे कुठून शिकलीस, मी विचारलं. तू म्हणालीस, "आमचे तात्या घरी रोज बुद्धापुढं हात जोडतेत. मी इचारलं, खडीवर मूर्ती न्हाई, तिथं काय करायचं? ते म्हणले, माणूस हाय की समोर."

मी रोज तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा करणारी. पण पूजा आटोपली की लिंगाबरोबर माझी भक्तीही डबीत बंद व्हायची.

तर त्या म्हाताऱ्यामागे मी एसटी स्टँडपर्यंत धावले. नाव विचारलं, माफी मागितली, परत आणलं. दुसऱ्या दिवसापासून पुकारा तुझ्यासारखा. "व्यंकटी लक्ष्मण गायकवाड, या," म्हटलं, तर कुणी बडी असामी आली समजून शिपाई गुंडप्पा चहाच घेऊन आला. व्यंकटीबाबांनी अर्धा बशीत ओतून त्यालाच दिला. सवय घरातही शिरली आहे. "विरूपाक्ष शंकरप्पा, या, लसूण सोला," म्हटलं की आमचे हे निमूट येऊन बसतात.

पण जे लिहायला बसले ते अजून लिहिलंच नाही. खडीवर एका दुपारी तू तुझा तांब्या माझ्यापुढं धरलास. माझे ओठ फुटले होते, तरी मी तहान नाही म्हणाले. तू तांब्या झाकून ठेवलास आणि परत कधी विचारलं नाहीस. घरच्यांची भीती होती हे खरं, पण नाही म्हणाले ती मीच. दहा वर्षं तुझ्या हजेरीची गोष्ट सगळ्यांना सांगते आणि एवढंच गाळते. आज ते तुझ्यापुढं कबूल करते. रविवारी सकाळच्या एसटीनं लोह्याला येते आहे. वाटेत अहमदपूरला गाडी बराच वेळ थांबते, पण तिथं मी पाणी पिणार नाही.

तुझीच,
महानंदा