एकशेपंच्याऐंशी की दोनशेपाच

३ फेब्रुवारी

पुन्हा टायर! चहा संपतो न संपतो तोच हे मोजपट्टी घेऊन गाडीपाशी. आमची ही जुनी, दिमाखदार गाडी — घरात सगळे तिला राणीसाहेब म्हणतात. उभ्या उभ्या टायर कडक झालेत, बाजूंना भेगा. लेक फोनवर म्हणाली, "आई, बाबांनी जावईसुद्धा इतका पारखला नव्हता!" हसून हसून पुरेवाट.

४ फेब्रुवारी

टायरवाले येऊन गेले. भला माणूस. मूळचं माप १८५; ते मागवावं लागतं, महिना जातो. दुकानात आहे तो २०५. "उंची जवळपास तीच, वहिनी, नुसता रुंद. गाडी भारदस्त दिसेल." हे लगेच खूश — "रुंदच बसवा!"

मी म्हटलं, स्टीअरिंग जड होईल ना? जुन्या पद्धतीचं, सगळं हाताच्या जोरावर.

"तुला काय करायचंय? तू तर शेजारी बसणार."

खरंच की. लग्न झाल्यापासून शेजारीच. त्याआधी बाबांची गाडी चालवायचे. एकदा माझ्या जुन्या शाळेच्या बक्षीस समारंभाला थेट कॉन्व्हेंटच्या फाटकातून आत नेली होती — सिस्टरनी चक्क टाळ्या वाजवल्या! राणीसाहेबांना मात्र हात लावायची सोय नाही. मागितली दोनतीनदा. "फार लहरी आहे ती," हे म्हणायचे. लायसन्स दर वेळी नवं करून घेते. वाटतं, एकदा तरी.

७ फेब्रुवारी

आज गंमतच. पुढच्या दोन चाकांना २०५ तात्पुरते चढवले. मडगार्डला घासतात का ते बघायचं, तर कुणीतरी स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला हवं. हे आणि टायरवाले खाली वाकलेले, म्हणून मी!

ते मोठं, हस्तिदंती चाक! पाठ ताठ करून बसले, जागच्या जागी का होईना. पण जड! तिसऱ्या फेरीला मनगटात अशी कळ आली — "आई गं!" निघालंच तोंडून. ह्यांनी वाकल्या वाकल्या वर पाहिलं.

८ फेब्रुवारी

एका रात्रीत मत पालटलं. १८५ मागवलेत! "२०५ घासतो गं मडगार्डला," माझ्या मनगटाला मलम चोळत म्हणाले. एवढे लाड! बरं वाटलं.

१५ फेब्रुवारी

मनगट ठीक. दुपारी पत्ते. हे हरले, मान्य केलं नाही.

११ मार्च

टायर आले. बसवता बसवता टायरवाले म्हणाले, "२०५ कुठे घासत होता, वहिनी? चांगली बोटभर जागा होती. साहेबच म्हणाले, चालवणाऱ्याला जड जाईल."

चालवणाऱ्याला? ह्यांना कधीपासून जड जायला लागलं? हात दुखतात की काय? विचारलं तर "काही नाही गं" म्हणून उठून गेले. मनात पाल चुकचुकली.

१२ मार्च

चक्कर मारायला निघालो. मी माझ्या बाजूचं दार उघडलं, तर तिथे हे बसलेले! पट्टा लावून. किल्ली माझ्यापुढे धरली.

"समोरच्या पाट्या दिसत नाहीत मला. डॉक्टरांनी जानेवारीतच चालवू नका म्हणून सांगितलं. मीच ऐकत नव्हतो."

मी वळसा घालून गेले, बसले, गाडी काढली. शेजारी बसून हात कुठे ठेवायचे ते ह्यांना सुचेना. मी सांगितलं — मांडीवर.