आले तेव्हाच फाटलेले

१४ मार्च, रविवार दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. आधीच सांगते, कोणी आजारी नाही. आईचा गुडघा कुरकुरतो, पण जिना चढायचं ती काही सोडत नाही. वहिनी आणि मुली मजेत असतील. एकोणीस वर्षांनी माझं अक्षर पाहून बिचकला असशील.

आमच्या कलादालनात सध्या जुन्या नोंदी नव्या संगणकप्रणालीत चढवायचं काम चाललंय. साडेचार हजार कार्डं, प्रत्येक चित्राचं एक. चित्रकार, मोजमाप, कधी आलं, कुठल्या फळीवर आहे. निम्मी माझ्याच हातची. एकावर मोजमापाच्या जागी मी नुसतं 'मोठे' लिहून ठेवलंय! प्रणाली बसवायला आलेल्या बाईंनी विचारलं, "मोठे म्हणजे किती?" मी म्हटलं, "दारातून आत येईना, एवढं." त्या पोट धरून हसल्या. बाई चांगल्या आहेत. डबासुद्धा आम्ही एकत्रच खातो.

मी उगाच पाल्हाळ लावतेय.

बुधवारी तुझ्या चित्राचं कार्ड निघालं. शिवणयंत्रावर बसलेली आई. बाईंनी माहिती भरली आणि पडद्यावर लाल पट्टी आली.

"चित्र आलं बारा तारखेला," त्या म्हणाल्या, "आणि 'आले तेव्हाच फाटलेले' ही नोंद पंधराची. मधले तीन दिवस कोणी पाहिलंच नाही का?"

"तारीख चुकली असेल. पंधराच करा," मी म्हटलं.

त्यांनी पंधरा केलं. पट्टी गेली. इतकं सोपं होतं ते. "हं, पुढचं?" त्यांनी हात पुढे केला, आणि माझ्याच्याने पुढचं कार्ड देववेना.

दादा, तुझ्या प्रदर्शनासाठीचं ते चित्र बारालाच आलं होतं. अगदी धडधाकट. चारी कोपऱ्यांना तू पुठ्ठे लावले होतेस, ते मीच सोडले. चौदाला शिडी सरकवताना ती माझ्या हातून कलली आणि तिचा पाय कॅनव्हासमधून आरपार गेला. नोकरी लागून दोन महिने झाले होते. कोणी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी कार्डावर लिहिलं, 'आले तेव्हाच फाटलेले. बांधणी ढिसाळ.'

ते कळल्यावर तू दालनात सगळ्यांसमोर ओरडत होतास, "मी स्वतः बांधलंय!" लोक तुला भांडखोर म्हणाले, तुझं प्रदर्शन रद्द झालं. तू माझ्याकडे वळून म्हणालास, "छोटे, तू तरी खरं मान." मी खाली बघत म्हटलं, "होतं असं कधी कधी. सोड ना, दादा."

तू चित्र काढणंच सोडलंस. मला ते कळत होतं. दर वर्षी कळत होतं.

बुधवारी मी तारीख परत बारा करायला लावली. नुकसानीच्या कारणात शिडी लिहिली, आणि पुढे माझं नाव. बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. मग संचालकांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला. "ठरलेली नोंदप्रमुखाची बढती आता तुम्हाला देता येणार नाही," म्हणाले. बरोबरच आहे ते. दालनाकडून तुला माफीचं पत्र येईल. पण ते म्हणाले, "आधी तुम्ही कळवा."

आईलाही सांगितलं. दोन दिवस तिने माझ्याशी अबोला धरला. काल म्हणाली, "मला काय सांगतेस? त्याला लिही."

तू परत नेलंच नाहीस, म्हणून चित्र अजून कोठारातच आहे. दुरुस्तीवाले म्हणतात, सांधता येईल, पण खूण राहील. सांधायचं की नाही, ते तू ठरव. न्यायला ये, पाठवायला सांग, नाहीतर उत्तरच देऊ नकोस. आलास आणि मी समोर नको असेन, तर वहिनींकडून फोन करव. मी त्या दिवशी रजा घेईन.

माफीचं वाक्य चारदा लिहून खोडलं. लहानपणापासून जे मागितलं ते तू देत आलास, म्हणून हे मागत नाही.

चित्र फाडणारी,
तुझी बहीण