एकमताचा तक्ता

३ फेब्रुवारी

आजही नाही! आमच्या ऑनलाइन गटात बारा जण. अकरा तयार, आणि कासव अडून बसलेलं. त्याचं पत्र वाचता वाचता चहाचं पाणी झालं.

काम एवढंच — पृथ्वीवर पहिला जीव कुठे जन्मला, यावर सगळ्यांना मान्य होईल असं एक पान लिहायचं. सहा शाळांच्या भिंतींवर ते तक्ता म्हणून लागणार. खाली माझं नाव. एकवीस वर्षं रसायनशास्त्र शिकवतेय, पण माझं नाव छापलेलं मी फक्त वेळापत्रकात पाहिलंय.

मतदान नाही, शेवटचा माणूस पटेपर्यंत बोलायचं — हा नियम माझाच. हौस, दुसरं काय!

आम्ही लिहिलंय, समुद्राच्या तळाशी, गरम पाण्याच्या फटींपाशी. कासव म्हणतं, जमिनीवरच्या डबक्यांत. निदान 'बहुधा' तरी घाला म्हणतं. एका शब्दापायी तीन आठवडे गेले. हा माणूस कोण, कुठला, कुणालाच माहीत नाही. उत्तर द्यायला दोन-दोन दिवस लावतो म्हणून आम्ही कासव म्हणायला लागलो, तर त्याने तेच नाव लावून घेतलं.

६ फेब्रुवारी

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "ठाम लिहा हो. मुलांना 'बहुधा' शिकवलंत तर गृहपाठही बहुधाच करतील."

हसले. हसायला नको होतं.

९ फेब्रुवारी

गट मी आणि दाताचे डॉक्टर मिळून चालवतो. आज त्यांचा फोन — "किडलेला दात एकच आहे, बाई. बाकीच्यांनी ठणका का सोसायचा?"

छापखान्याची मुदत पंधरा तारखेची. कासवाचं तोंड आठ दिवस बंद केलं. म्हणजे तो लिहील ते गटाला दिसणार नाही, आम्हा दोघांच्या कप्प्यात नुसतं पडून राहील. एक बटण. दाबताना काहीच वाटलं नाही. हे मुद्दाम लिहून ठेवतेय.

१० फेब्रुवारी

एकमत झालं! चाळीस मिनिटांत. अंगठेच अंगठे!

११ फेब्रुवारी

नवऱ्याला सांगितलं. तो लिफ्ट दुरुस्त करतो. हातांचं ग्रीस पुसत ऐकत होता.

"आमच्याकडे एकजण जरी म्हणाला ना, जळका वास येतोय, तर बाकीच्यांना येतोय का ते विचारत नाही. लिफ्ट थांबवतो."

"ही लिफ्ट नाही," मी म्हणाले.

"बरं."

त्याचं 'बरं' फार लागतं.

१६ फेब्रुवारी

मजकूर काल छापखान्यात गेला. आता वेळच वेळ. मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत बसून कासवाची सगळी पत्रं वाचली. खरं सांगायचं तर पहिल्यांदाच वाचली. एरवी मी खोडून काय काढता येईल तेवढंच शोधायचे.

त्याचं म्हणणं साधं आहे. छोटे रेणू जोडून साखळी होते, तेव्हा पाणी बाहेर पडतं. मग चहूकडे पाणीच पाणी असेल तर साखळी जुळायची कशी? जुळली तरी टिकायची कशी? डबकं सुकतं, भरतं, पुन्हा सुकतं. सुकताना जोडणी होते. पाणी बाहेर पडतं हे तर मीच दरवर्षी फळ्यावर लिहिते — माझ्या हाताने!

आणि 'माझंच खरं' असं तो कुठेच म्हणत नाही. फटींच्या बाजूचे मुद्देसुद्धा त्याने आमच्यापेक्षा नीट मांडलेत.

पुढच्या तासाला मुलांना नुसतं वाचायला लावलं.

१८ फेब्रुवारी

तक्ता लागला. सुरेख निळा. पहिल्या बाकावरची मुलगी उठून म्हणाली, "बाई, हे नक्की?"

"सगळ्यांचं एकमत आहे."

तिने वहीत उतरवून घेतलं.

१९ फेब्रुवारी

कासवाची मुदत संपून दोन दिवस झाले, तरी कप्पा उघडायचा धीर होत नव्हता. आज उघडला. एकच पत्र. दहा तारखेचं.

'हरकत मागे घेतो. तुमचंच बरोबर. गटात राहू द्या.'

बाकीच्यांना ते दिसलंच नव्हतं. मी त्याला एकट्याला लिहिलं — खरंच पटलं का?

२१ फेब्रुवारी

उत्तर आलं.

'नाही पटलं. पण बाई, मी पाण्याच्या टाकीवर एकटा असतो, बारा तास. पंपाशी किती बोलणार? तोंड बंद झालं तेव्हा वाटलं, खोटं बोलावं, पण आत असावं.'

आम्ही ज्याला एकमत म्हणतो त्यात असे किती जण असतील? शेवटी त्याला लिहिलं — मला पटलंय. तुमचं. उद्या गटावर सांगते.

२२ फेब्रुवारी

सकाळी गटावर लिहिलं, माझी हरकत आहे, तक्ते उतरवू या. डॉक्टरांनी लगेच विचारलं — बाईंना आठ दिवस विश्रांती द्यायची का?

अकरा अंगठे. कासवाचाही.