रंध्याची पाती कोणी बदलली

बाबा,

मी दाराचं माप घ्यायले उंद्रीले चाललो. मशीनच्या रंध्याची पाती काल कोणीतरी बदलली. एक पातं वर आहे, एक खाली, अन् मशीनची पिन विजेच्या बोर्डातच होती. तुम्ही म्हणता, हात लावला नाही. मंग स्क्रूले तुमच्या सवयीचं खोबरेल तेल कोणी लावलं? अंगठा कांदा चिरताना कापला म्हणता, पण आई म्हणते, चार दिवसांपासून घरात कांदाच नाही.

आधी पिन काढायची, मंग सरळ पट्टी ठेवून दोन्ही पाती सारखी करायची, हे मले तुम्हीच शिकवलं. विसरणारे तुम्ही नाही, म्हणूनच डोळ्यांची शंका येते. पाती खोलायचा पाना मी सोबत नेतो.

ही चिठ्ठी मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहिली. वाचता आली का, ते खरं सांगा.

प्रेमानंद