नक्षीखोलीतलं मशीन पुन्हा बोललं

प्रिय टिकटिक यास,

भोंग्याचा मनापासून नमस्कार. (वाकूनही केला असता, माझी काही हरकत नव्हती, गुडघ्याची आहे.) पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू पत्र उघडलंस, त्या अर्थी वहिनी शेजारी उभ्या असणार. त्यांना माझा वेगळा नमस्कार सांग. तुझं पित्त कसं आहे? पेन्सिल टेबलावर आपटत बसायची सवय गेली का, की निवृत्तीनंतर वहिनींच्या डोक्याशी तेच चाललंय? इकडे आम्ही दोघं ठीक. हिचं बीपी माझ्यामुळे वाढतं आणि माझं तिच्यामुळे उतरतं, त्यामुळे डॉक्टर म्हणतात एकूण घरात सरासरी चांगली आहे. नऊ वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही हे कबूल. तूही लिहिली नाहीस. म्हणजे त्या एका बाबतीत तरी आपलं नऊ वर्षं एकमत होतं. फोन का नाही केला, असं विचारशील. अरे, फोनवर तू हॅलो म्हणणार, मी हॅलो म्हणणार, आणि तिसऱ्या वाक्याला निरोप समारंभाचा विषय निघून आपण जिथे थांबलो होतो तिथून पुढे भांडायला लागणार. म्हणून हे पत्र कारखान्याच्या टेम्पोवाल्याबरोबर पाठवतोय. त्याला चहा पाज. तो उत्तर घेतल्याशिवाय हलणार नाही, तशी त्याला ताकीद आहे.

आता बसून वाच. आपलं मशीन चालू झालं. नक्षीखोलीतलं, कोपऱ्यातलं, मागांना नक्षी पुरवणारं, तेच. तुझा माझा जन्म ज्याच्यासमोर गेला ते. चौदा वर्षं बंद पडलेलं मशीन बुधवारी सकाळी पावणेअकराला चालू झालं आणि ते मी चालू केलं. तुझ्या डोळ्यांचा काही भरवसा नाही म्हणून पुन्हा लिहितो. मी चालू केलं.

झालं असं. बावीस वर्षांपूर्वी आपण नाट्यगृहाचा मोठा पडदा विणला होता, आठवतो ना? वेलींच्या जाळीत बहात्तर पाखरं, आणि त्यातलं एक तुझ्या चुकीने (तू म्हणायचास माझ्या) बाकीच्यांकडे पाठ करून बसलेलं. गेल्या महिन्यात नाट्यगृहाच्या छतातला पाइप फुटला आणि अर्धा पडदा कुजून गेला. नवा हवा, आणि हुबेहूब तसाच हवा, त्या पाठमोऱ्या पाखरासकट. नाट्यगृहाचे व्यवस्थापक म्हणाले, तिथे येणारी पोरं नाटक सुरू होईपर्यंत तेच पाखरू शोधत बसतात. आपल्या आयुष्यातली सगळ्यात गाजलेली कामगिरी ही एक चूक आहे, हे मला त्या दिवशी कळलं. पण नक्षी कुठे आहे? कागद नाहीत. फ्लॉप्यांना बुरशी. नक्षी फक्त त्या मशीनच्या डिस्कवर. धाकट्या मालकांनी सांगून टाकलं की शनिवारी दुपारी बारापर्यंत नक्षी निघाली तर ठीक, नाहीतर नाट्यगृहाला साधा तपकिरी पडदा, मशीन भंगारात, आणि नक्षीखोलीत पॅकिंगची खोकी. खोकी, टिकटिक! ज्या खोलीत आपण साडेतीन हजार नक्ष्या काढल्या तिथे खोकी.

कारखान्यात आता एक नवी इंजिनिअर आहे. हुशार आहे, कामाला वाघीण आहे, आणि मला काका म्हणते म्हणून तिचे बाकीचे दोष मी बघत नाही. तिने चार दिवस खटपट केली, मशीन ढिम्म. तेव्हा कोणीतरी माझं नाव सांगितलं. मी गेलो तेव्हा ती आपला चपटा संगणक मांडीवर घेऊन बसली होती. तसली यंत्रं तू पाहिली असशीलच. चालू आहे की बंद, काही पत्ता लागत नाही. जिवंत आहे का हे बघायला त्याच्या तोंडावर बोटं आपटावी लागतात. तिला विचारलं, हे काम करताना बोलतं का काही? ती म्हणाली, काका, आवाज यायला लागला तर आम्ही दुरुस्तीला टाकतो. घे. आपल्या वेळी आवाज थांबला की दुरुस्तीला टाकायचे.

मग मी तिला बसवून सगळं समजावलं. (आमची ही म्हणते मी समजावत नाही, घोषणा करतो. असू दे.) सकाळी बटण दाबलं की आधी खट्. मग पंख्याची घरघर, सर्दी झालेल्या माणसाने उशीत तोंड घालून घोरावं तशी. मग स्मृती मोजायची टिकटिकटिक, आणि शेवटी एकच बारीक पीं. ती पीं ऐकली की तू डबा खुंटीला लावायचास, त्याआधी कधी नाही. मग डिस्क उठायची, खालून वर चढत जाणारा तिचा तो सूर, आणि सूर स्थिरावला की आतला काटा चालायचा, कुर्र टक, कुर्र टक. फ्लॉपी घातली की खर्रक् खर्रक्. आणि प्रिंटर! चर्रर्र करत उजवीकडे, झुप् करत डावीकडे, एक मोठी नक्षी छापायला पाऊण तास, तेवढ्यात आपलं जेवण, माझी डुलकी आणि तुझ्या दोन तक्रारी उरकायच्या. ही फोन करायची तेव्हा मी काही बोलायच्या आत मागचा प्रिंटर ऐकून म्हणायची, अजून लांब ओळी चालल्यात, म्हणजे तुम्ही सातच्या आत येत नाही. तू तर जिन्यातूनच सांगायचास की आत कोणती नक्षी जतन होतेय, पाखरांची की पानांची. मी हे सगळे आवाज तिला तोंडाने काढून दाखवले. प्रिंटर करताना दातांची कवळी जरा पुढे आली, पण तिने वही काढून लिहून घेतलं. तुझे आवाज कधी कोणी लिहून घेतलेत का?

त्यानंतर मी मशीनपाशी गेलो, पेटीला कान लावला, डोळे मिटले, आणि पूर्ण शांततेत जाहीर केलं की वीजपुरवठा उत्तम आहे, पंखा निरोगी आहे, गुणगुण जुनीच आहे. इंजिनिअर जरा घुटमळली आणि मग हळूच म्हणाली, काका, भिंतीवरचं बटण अजून बंद आहे. आता तू हसशील. हस. मी तिची परीक्षा बघत होतो, आणि तसं मी तिला लगेच सांगितलं. ती पास झाली हेही सांगितलं.

बटण लावलं. मी पुन्हा कान लावला आणि निदान केलं की डिस्क चिकटलीये. चौदा वर्षं पडून राहिली, आतली सुई तबकडीला चिकटून बसली, आता ती उठायला बघते आणि उठता येत नाही. (माझंही सकाळी हेच होतं.) इंजिनिअर म्हणाली, अशा डिस्का विशेष प्रयोगशाळेत पाठवतात, दोन महिने लागतात. मी म्हटलं, दोन महिने कशाला, मला घरी जाऊन वीस मिनिटांत येऊ दे. घरी गेलो आणि माझ्या गुडघ्याची गरम पाण्याची पिशवी घेऊन आलो. हिने विचारलं काय करताय, तर म्हटलं, एका जुन्या मैत्रिणीचं अंग आखडलंय. या वाक्याचा खुलासा मी अजून करतोय. तर डिस्क बाहेर काढली, वायरी तशाच ठेवल्या, मागाखालच्या चिंध्यांत गुंडाळली, वर पिशवी ठेवली आणि वीस मिनिटं तिला मांडीवर घेऊन बसलो. एव्हाना पॅकिंगमधल्या बायका दारात जमल्या होत्या. धाकटे मालकही येऊन हाताची घडी घालून उभे राहिले, खोकी कुठे कशी रचायची हे डोळ्यांनी मोजत. मग मी डिस्क दोन्ही हातांत धरली, इंजिनिअरला म्हटलं दाब, आणि तिने बटण दाबलं त्याच क्षणी मनगटाला एक झटका दिला. एकच. बरणीचं घट्ट झाकण फिरवतो तसा.

आणि टिकटिक, ती उठली रे. आधी नुसती थरथर, मग तो सूर, खालून वर, वर, वर, आणि स्थिर. मग कुर्र टक. मशीनच्या पडद्यावर हिरवी अक्षरं आली, आपल्या नक्षीच्या प्रोग्रॅमचं नाव आलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. इंजिनिअरच्या डोळ्यांत पाणी आलं (चिंध्यांची धूळही असेल, पण मी पाणीच धरतो). धाकट्या मालकांची हाताची घडी सुटली आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. चहा आला, बिस्किटं आली, क्रीमची. चार शब्द बोला म्हणाले, मी चाळीस मिनिटं बोललो, आणि कोणी उठलं नाही. दाराशी मी उभा होतो हे खरं, पण उठायचं असतं तर खिडकी होती. मशीनवर आता माझ्या अक्षरातली पाटी आहे, बंद करू नये. बुधवारपासून ते सलग चालू आहे. लोक येऊन बघून जातात. शाळेत कधी पहिला आलो नाही मी, नोकरीत तुझ्यामुळे कायम दुसरा, पण बुधवारी मी पहिला होतो आणि मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

आणि जिंकलेल्या माणसाने मन मोठं करावं म्हणून एक गोष्ट लिहून देतो. मोठ्या ऑर्डरच्या वर्षी डिस्क बिघडणार हे तिच्या आवाजावरून आधी कोणी ऐकलं, यावरून निरोप समारंभात आपलं बिनसलं. मोठ्या मालकांनी भाषणात माझं नाव घेतलं, भिंतीवरचं घड्याळ मला दिलं आणि तू चहा न पिता निघून गेलास. ऐक. तू ऐकलं होतंस. मी जेवत होतो. त्या दिवशी उठून तसं सांगायला हवं होतं, पण टाळ्या वाजत होत्या आणि मला त्या आवडत होत्या. चुकलंच माझं. हे एवढं लिहायला नऊ वर्षं लागली, कारण मला वाटायचं हे लिहिल्यावर माझ्याकडे काही उरणार नाही. आता माझ्याकडे बुधवार आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, तुझ्या पित्ताला समज.

तुझाच,
भोंगा

ता. क. प्रोग्रॅमचं नाव आलं असं वर लिहिलं, त्याच्या खालची ओळ लिहायची राहिली. मशीन पासवर्ड मागतंय. तो तू टाकला होतास, रागाच्या भरात, मशीन बंद करायचं ठरलं त्या शेवटच्या आठवड्यात, नक्षीला कोणी हात लावू नये म्हणून. तीन संधी देतं, मग आपोआप बंद होतं, आणि इंजिनिअर म्हणते, एकदा बंद झालं तर ही डिस्क पुन्हा उठेलच याची खात्री कोणी देऊ शकत नाही. दोन संधी गेल्या. पहिल्यांदा मी माझं नाव टाकलं, तुला माझी आठवण येत असेल या समजुतीवर. दुसऱ्यांदा वहिनींचं. (ते नव्हतं, हे त्यांना सांगू नकोस.) एक उरली आहे. धाकट्या मालकांना मी सांगितलंय की उरलेलं किरकोळ काम शनिवारी सगळ्यांसमोर विधिवत करू. ते बरं म्हणाले. उद्या शनिवार आहे.

ता. क. २. टेम्पोवाल्याकडे पासवर्ड चिठ्ठीवर देऊ नकोस. टेम्पोत पुढची सीट रिकामी आहे, मी मुद्दाम रिकामी ठेवायला सांगितली आहे. कारण असं की बुधवारी मला काहीच ऐकू आलं नाही. गुणगुण नाही, सूर नाही, कुर्र टक नाही. गेली तीन वर्षं दोन्ही कान गेलेत. कानात घालायचं यंत्र ड्रॉवरमध्ये पडून आहे, त्यातून चमचे ऐकू येतात आणि माणसं येत नाहीत. माणसांचं बोलणं मी ओठांवरून वाचतो. फोनही म्हणूनच केला नाही. डिस्क चिकटलीये हे मी ऐकून नाही सांगितलं, तू ती एकदा अशीच छातीशी धरून गरम करून उठवली होतीस, ते डोळ्यांना आठवत होतं. ती उठली हे मला तळव्याला कळलं, आणि मग पोरीचा चेहरा बघून. तुला लिहिला तो सगळा आवाज आठवणीतला आहे. सगळे मला विचारतात, काका, पूर्वीसारखाच वाजतोय ना? मी हो म्हणतो. माझं हो किती खरं आहे ते मला माहीत नाही आणि त्या खोलीत दुसरं कोणालाच माहीत नाही. तू ये, पासवर्ड टाक, मग जरा वेळ गप्प उभा राहून ऐक, आणि मला सांग, तसाच आहे का.